पासपोर्टच्या शुल्काचा हिशेब उघडा करा: शुल्क ठरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
ज्यांच्या सहीने पासपोर्टचे शुल्क ठरते ते अर्थ, गृह आणि परराष्ट्र खात्यांतील सर्व अधिकारी,

विषय: पासपोर्ट शुल्काची आकारणी, त्यातील वाढ आणि तिची पद्धत

सन्माननीय महोदय / महोदया,

देश कोणताही असो, पासपोर्टचे शुल्क वाढल्याची बातमी साधारण सारखीच येते. राजपत्रात दोन ओळी छापल्या जातात, नवा आकडा येतो, तारीख येते आणि कारण म्हणून ‘वाढता खर्च’ एवढे दोन शब्द. खर्च कशाचा वाढला? पुस्तिकेचा, माणसांचा, संगणकप्रणालीचा, की अर्थसंकल्पात कुठे तरी खड्डा पडला होता त्याचा? हे दोन ओळींत सांगता येत नाही, आणि तिसरी ओळ कोणी लिहीत नाही. ती तिसरी ओळ लिहा, एवढेच या पत्राचे मागणे आहे. मात्र ती लिहायची तर आधी घरातला हिशेब नीट लावावा लागतो, आणि बहुतेक ठिकाणी घोडे तिथेच अडते.

पहिल्यांदा तत्त्वाचे बोलू, कारण ते नवे नाही. १९२० साली पॅरिसमध्ये राष्ट्रसंघाच्या वतीने पासपोर्टविषयक परिषद भरली, तेव्हाच हे शुल्क म्हणजे तिजोरी भरण्याचे साधन असू नये असे ठरले होते. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयसीएओच्या, करारातील नवव्या परिशिष्टात शिफारस आहे की प्रवासी दस्तऐवजासाठी शुल्क घ्यायचे असेल तर ते त्या कामाच्या खर्चापेक्षा जास्त असू नये. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने १९९९ मध्ये संचारस्वातंत्र्यावर जे भाष्य केले, त्यात देश सोडण्याच्या हक्काआड येणाऱ्या अडथळ्यांची यादी आहे. सेवेच्या खर्चाहून बरेच जास्त शुल्क घेऊनच प्रवासी कागदपत्रे देणे हा त्या यादीतला एक अडथळा. तेव्हा ‘खर्चाइतके शुल्क’ हे तत्त्व बहुतेकांनी कधीच मान्य केले आहे. वाद आहे तो ‘खर्च’ या शब्दात काय काय कोंबायचे याचा.

लोकांना वाटते पासपोर्ट म्हणजे ती पुस्तिका. पुस्तिका हा हिशेबाचा एक भाग आहे, आणि बहुधा सर्वांत मोठा नव्हे. कोऱ्या पुस्तिकेत चिप आणि तिचा अँटेना, पॉलिकार्बोनेटचे माहितीपान, जलचिन्हाचा कागद, अतिनील प्रकाशात उजळणारी शाई आणि शिवणीचा धागा येतो. त्यानंतर लेसरने नाव आणि फोटो कोरणे, चिपमध्ये माहिती भरून तिच्यावर डिजिटल सही करणे, तपासणी, आणि बिघडलेल्या पुस्तिका मोजून, नोंदवून नष्ट करणे. खरा पैसा याच्या आधीच्या टप्प्यावर जातो. अर्जदार तो म्हणतो तोच आहे आणि त्या देशाचा नागरिक आहे, हे ठरवायला माणसे लागतात. खिडकीवरचा कर्मचारी, कागद तपासणारा, मंजुरी देणारा, शंका आली तर चौकशी करणारा, काही देशांत घरी येणारा पोलीस. शिवाय इमारतभाडे, सर्व्हर, फोनवर उत्तरे देणारा विभाग, सुरक्षित टपाल आणि हरवलेल्या पासपोर्टांची नोंद इंटरपोलच्या माहितीसाठ्यात टाकण्याचे काम.

यातले काही खर्च अर्जागणिक वाढतात: पुस्तिका, कोरणी, टपाल. बाकीचे अर्ज आले काय, न आले काय, चालूच राहतात. हा फरक ज्याच्या कागदावर नाही त्याचा शुल्काचा आकडा अंदाजपंचे समजावा.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, कोणत्याही देशाचे नाहीत. वर्षाला १० लाख अर्ज येतात. स्थिर खर्च ६० कोटी, आणि प्रत्येक अर्जामागे बदलता खर्च ४००. एकूण १०० कोटी, म्हणजे शुल्क १,०००. हिशेब चोख जुळला. पुढच्या वर्षी साथ आली किंवा मंदी आली आणि अर्ज ६ लाखांवर उतरले. उत्पन्न ६० कोटी, खर्च मात्र ६० अधिक २४, असे ८४ कोटी. तूट २४ कोटी. त्याच्या पुढच्या वर्षी तुंबलेले सगळे एकदम आले, १४ लाख. उत्पन्न १४० कोटी, खर्च ११६ कोटी, शिल्लक २४ कोटी. तीन वर्षांचा ताळा जमतो. एकट्या वर्षाचा जमत नाही. आता तुटीच्या वर्षी घाबरून शुल्क वाढवले आणि शिलकीच्या वर्षी ते उतरवले नाही (उतरवल्याची उदाहरणे बोटांवर मोजावीत), तर दोनदा वसुली झाली.

प्रत्यक्षात लाट आली की खर्च या सूत्राच्याही वर जातो. जादा तासांचे पगार, घाईत घेतलेली कंत्राटी माणसे, त्यांचे प्रशिक्षण, तातडीने मागवलेल्या पुस्तिका. २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये हेच दिसले. कोविडच्या काळात ५० लाखांहून अधिक लोकांनी अर्ज पुढे ढकलला होता, ते सगळे निर्बंध उठताच आले आणि लोकांना दहा आठवडे हातात ठेवून अर्ज करा असे सांगण्याची पाळी आली. अमेरिकेने २००७ च्या जानेवारीत शेजारी देशांतून विमानाने येणाऱ्या स्वतःच्या नागरिकांनाही पासपोर्ट सक्तीचा केला आणि उन्हाळ्यापर्यंत अर्जांचा डोंगर एवढा साचला की अर्ज केल्याचा पुरावा दाखवून प्रवास करू देण्याची तात्पुरती सवलत द्यावी लागली. पहिल्या प्रसंगी लाट बाहेरून आली. दुसऱ्या प्रसंगी ती सरकारच्याच नियमातून आली, तारीख आधीपासून माहीत असताना. मागणीचा अंदाज बांधणे हे शुल्क ठरवण्याच्या कामाचे अर्धे अंग आहे, आणि ते सांख्यिकी विभागातल्या एखाद्या कनिष्ठावर सोडून चालत नाही.

याहून मोठी गफलत मुदतीच्या बदलात होते, आणि त्यावर आम्हाला जरा सविस्तर लिहायचे आहे. पाच वर्षांचा पासपोर्ट दहा वर्षांचा केला तर शुल्क किती असावे? ‘दुप्पट’ हे उत्तर चूक, ‘तेवढेच’ हेही चूक. वरचेच उदाहरण पुढे नेऊ. सगळे अर्ज नूतनीकरणाचे आहेत असे धरा. दहा वर्षांच्या मुदतीत अर्ज सरासरी निम्मे, वर्षाला ५ लाख. स्थिर खर्चाचा वाटा दर अर्जी १,२००, बदलता ४००, शुल्क १,६००. ही झाली सरासरी. पण अर्ज सरासरीने येत नाहीत. पहिली पाच वर्षे जुन्या पाच वर्षांच्या पुस्तिका संपत राहतात, त्यामुळे १० लाख अर्ज येतच राहतात. उत्पन्न १६० कोटी, खर्च १००, दरसाल ६० कोटी शिल्लक. पाच वर्षांत ३०० कोटी. मग सहाव्या वर्षी दार बंद होते. नूतनीकरणाला कोणी येत नाही, स्थिर खर्च ६० कोटी चालूच, आणि पुढच्या पाच वर्षांत नेमके ३०० कोटी लागतात.

म्हणजे पहिल्या पाच वर्षांतली शिल्लक हा नफा नव्हे, पुढच्या पाच वर्षांच्या खर्चाची ती आगाऊ भरलेली रक्कम आहे. ती स्वतंत्र खात्यात राहिली तर काही अडत नाही. ती सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत गेली, तर तिसऱ्या वर्षी ‘पासपोर्ट विभाग फायद्यात’ अशी टिप्पणी होते आणि सातव्या वर्षी त्याच विभागाला तूट भरून काढायला शुल्कवाढ मागावी लागते. आज जो दुसऱ्यांदा पैसे भरतो आहे त्याने ते आधीच भरलेले असतात. कॅनडाने १ जुलै २०१३ पासून दहा वर्षांचा पासपोर्ट १६० डॉलरला आणि पाच वर्षांचा १२० डॉलरला ठेवला. दुप्पट मुदतीला एक तृतीयांश जादा. दोन्ही पर्याय बाजूबाजूला असल्याने खड्डा थोडा भरतो, कारण सगळे एकदम गायब होत नाहीत. तिथे पासपोर्टचा व्यवहार १९६९ पासून फिरत्या निधीवर चालतो, एका वर्षाची शिल्लक दुसऱ्या वर्षाला मिळते. न्यूझीलंडने ३० नोव्हेंबर २०१५ ला पाचवरून पुन्हा दहा वर्षांवर जाताना हाच प्रश्न हाताळला. तिथे पासपोर्टच्या जमाखर्चाला वेगळे नोंदखाते आहे, ते कालांतराने शून्याच्या आसपास यावे अशी अपेक्षा असते आणि नेमके किती वर-खाली गेले हे अहवालात दिसते.

असे खाते तुमच्याकडे नसेल तर आमची पहिली मागणी तीच. खाते, त्याची वार्षिक शिल्लक, आणि ती शिल्लक कोणत्या वर्षीच्या कोणत्या खड्ड्यासाठी राखली आहे याची एक ओळ.

आता ‘खर्च’ या शब्दात काय काय बसवले जाते ते पाहू. ब्रिटनचे गृहखाते सांगते की पासपोर्टच्या शुल्कातून सरकार नफा कमावत नाही. त्याच दमात हेही सांगते की या शुल्कातून परदेशात अडचणीत सापडलेल्यांना मिळणारी वाणिज्यदूतीय मदत आणि सीमेवर स्वदेशी नागरिकांची तपासणी यांचाही खर्च भागतो. सांगितले हे चांगलेच, पण मग ते ‘पासपोर्टचे शुल्क’ उरत नाही. परत येताना दारावर द्यायचे पैसे आधीच घेतले, असा तो प्रकार. कॅनडात प्रौढांच्या शुल्कात २५ डॉलर वाणिज्यदूतीय सेवेचे म्हणून वेगळे दाखवलेले आहेत. बरोबर की चूक यावर वाद घालता येईल, पण आकडा समोर आहे. अमेरिकेत प्रौढाच्या पुस्तिकेचे १३० डॉलर एकाच रकमेत भरले जातात. दरपत्रक उघडले तर दिसते की त्यातले अर्जशुल्क ५० आणि सुरक्षा अधिभार ८०. २७ डिसेंबर २०२१ ला ११० चे १३० झाले ते हा अधिभार ६० वरून ८० केल्यामुळे. पहिल्यांदा अर्ज करणारा आणखी ३५ डॉलर देतो, ते अर्ज स्वीकारणाऱ्या टपाल कार्यालयाकडे किंवा न्यायालयाच्या लिपिकाकडे राहतात. टपालाने नूतनीकरण करणाऱ्याला ते लागत नाहीत, कारण त्याला कोणाच्या खिडकीवर उभेच राहायचे नसते. ही विभागणी आम्हाला पसंत आहे. पैसे कोणाकडे जातात हे तिच्यातून कळते.

दुसऱ्या टोकाला फ्रान्स. तिथे प्रौढाच्या पासपोर्टसाठी ८६ युरोचा मुद्रांक घ्यावा लागतो, आणि त्याला म्हणतातही कराचा मुद्रांकच. निदान नावात लपवाछपवी नाही. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२३ मध्ये अर्थसंकल्पाच्या मध्यावधी आढाव्यात पासपोर्टवर सुमारे १५ टक्के वाढ जाहीर केली. उत्पन्न वाढवण्याचा एक उपाय म्हणून ती तिथे आली होती, सेवेच्या खर्चाचा नवा अभ्यास झाला म्हणून नव्हे. दहा वर्षांच्या पासपोर्टचे ३४६ डॉलर जुलै २०२४ ला ३९८ झाले आणि जानेवारी २०२५ ला महागाईच्या वार्षिक वाढीने ४१२. बारा महिन्यांत तीन दर, एकूण वाढ १९ टक्के. कर लावण्याचा अधिकार सरकारला आहे. पण कर असेल तर त्याला कर म्हणा, विधिमंडळात मांडा आणि कर म्हणून मत मागा. सेवाशुल्काचा अंगरखा घालून तो आणू नका.

वाढ कधी आणि किती या प्रश्नावर सरकारे दोन टोकांना जातात. एक टोक म्हणजे वर्षानुवर्षे हात न लावणे. भारतात ३६ पानी सर्वसाधारण पासपोर्टचे शुल्क ऑक्टोबर २०१२ मध्ये १,००० वरून १,५०० रुपये झाले, त्यानंतर दशकभराहून अधिक काळ ते तिथेच राहिले. अर्जदाराला हे बरे वाटते. पण पगार, भाडे आणि पुस्तिकेचे तंत्र थांबलेले नसते. मधला फरक तिजोरी भरते, म्हणजे कधीच परदेशी न जाणारा करदाता भरतो, आणि किती भरतो हे कुठे लिहिलेले नसते. शिवाय गोठवलेला दर कधी तरी वितळतो. ब्रिटनने पाच वर्षे दर तसाच ठेवला. मग ऑनलाइन अर्जाचे ७५.५० पौंड फेब्रुवारी २०२३ मध्ये ८२.५०, एप्रिल २०२४ मध्ये ८८.५० आणि एप्रिल २०२५ मध्ये ९४.५० झाले. सव्वादोन वर्षांच्या आत पंचवीस टक्के. दरवर्षी तीन टक्के वाढले असते तर कोणाच्या लक्षातही आले नसते.

दुसरे टोक आपोआप वाढीचे. कॅनडाच्या २०१७ च्या सेवाशुल्क कायद्याने शुल्क ग्राहक किंमत निर्देशांकाशी बांधले. सौम्य महागाईत हे चालते. तुर्कस्तानात मात्र बहुतेक सरकारी शुल्के दर जानेवारीला महागाईवरून ठरणाऱ्या पुनर्मूल्यांकन दराने वाढतात, आणि तो दर २०२४ साठी ५८.४६ टक्के, २०२५ साठी ४३.९३ टक्के होता. शासकीय पगार आणि छपाईचे करार त्याच गतीने वाढले की नाही हे या यंत्राला विचारताच येत नाही. शिवाय वर्षअखेरीस दर जाहीर झाला की अर्ज पुढे ओढले जातात, रांगा लागतात आणि जानेवारीत खिडक्या ओस.

ग्राहक किंमत निर्देशांक हे मापच मुळात थोडे बेंगरूळ आहे. त्यात भाजीपाला, इंधन आणि घरभाडे असते. पासपोर्ट कार्यालयाच्या खर्चात प्रामुख्याने पगार, त्याखालोखाल छपाईचा करार आणि संगणकप्रणाली. म्हणून निर्देशांक बांधायचाच तर मिश्र बांधा: पगाराच्या वाट्याला सरकारी वेतनवाढ, छपाईच्या वाट्याला करारातली प्रत्यक्ष दरवाढ. आणि त्यातून काही तरी वजा करा. ऑनलाइन अर्जामुळे खिडकीवरचे काम कमी होते, त्या बचतीचा वाटा अर्जदाराला मिळायला हवा. वार्षिक वाढीला मर्यादा असू द्या, समजा पाच टक्के. त्यापलीकडे जायचे तर नवा खर्चअभ्यास प्रसिद्ध करूनच. दर तीन वर्षांनी शून्यापासून हिशेब मांडा, कारण निर्देशांक जुन्या चुकाही इमानेइतबारे वाढवत नेतो.

अंमलाची तारीख हा विषय क्षुल्लक वाटतो, पण तक्रारी सर्वांत जास्त इथेच जन्मतात. नवे शुल्क कोणत्या दिवसाला लागते: अर्ज भरला त्या, पैसे भरले त्या, भेटीच्या, की पाकीट कार्यालयात पोचले त्या? अधिसूचनेत हे एका वाक्यात लिहिलेले नसेल तर प्रत्येक खिडकी आपला अर्थ लावते. टपालाने पाठवलेला अर्ज तीन दिवस वाटेत राहतो, मधल्या मध्ये दर बदलतो, रक्कम कमी पडते आणि अख्खा अर्ज परत येतो. ज्या देशांत आधी भेटीची वेळ घ्यावी लागते तिथे तर जुन्या दराने अर्ज करायला वेळच मिळत नाही, कारण तारखा भरलेल्या. आमच्या मते नियम एकच असावा: पैसे ज्या दिवशी भरले त्या दिवसाचा दर. भेट नंतर असली तरी. टपालाच्या अर्जाला शिक्क्याची तारीख. किमान साठ दिवस आधी घोषणा करा, कारण छापील अर्ज, टपाल कार्यालयांची यंत्रे, दूतावासांची दरपत्रके आणि शुल्क मोजून देणारी संकेतस्थळावरची पाने सगळी त्याच रात्री बदलावी लागतात आणि एखादे राहून जातेच. वाढ सुट्ट्यांच्या हंगामाच्या तोंडावर आणू नका. घोषणेनंतर जो ओघ येतो तो हंगामाच्या ओघात मिसळला की दोन्ही तुंबतात. वर्षातला सर्वांत शांत महिना तुमच्याच नोंदींत आहे, तो वापरा.

आता तातडीच्या शुल्काकडे. जर्मनीत ते ३२ युरो, अमेरिकेत ६० डॉलर, भारतात तत्काळसाठी जादा २,००० रुपये, म्हणजे मूळ शुल्काहूनही अधिक. तातडीच्या अर्जाचा खरा जादा खर्च जादा तासांचा पगार, जलद टपाल आणि राखून ठेवलेली यंत्रक्षमता एवढाच. त्यावर जे उरते ती रांगेत पुढे जाण्याची किंमत. हे वाईट आहे असे नाही, पण एक धोका आहे. साधी सेवा जितकी रेंगाळेल तितकी तातडीची खिडकी गजबजते. विभागाच्या जमेत भर घालायची तर साध्या अर्जांना उशीर व्हावा, अशी ही उलटी रचना. कोणी जाणूनबुजून करतो असे आम्ही म्हणत नाही, पण हिशेबाची रचनाच तशी असेल तर हेतूची गरज उरत नाही. तोडगा सोपा आहे. साध्या अर्जाची जाहीर मुदत ओलांडली गेली की अर्जदाराला जादा पैसे न घेता तातडीच्या रांगेत हलवायचे, आणि तो आधीच जादा भरून आला असेल तर ते परत करायचे. कॅनडाच्या वर उल्लेखलेल्या कायद्यात सेवेची मुदत पाळली नाही तर शुल्काचा भाग परत देण्याची तरतूद आहेच.

मुलांच्या शुल्काकडे वार्षिक दराने पाहिले की चित्र उलटे होते. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ च्या दराने मुलाचा ऑनलाइन अर्ज ६१.५० पौंड, मुदत पाच वर्षे, म्हणजे वर्षाला १२.३०. मोठ्याचा ९४.५०, दहा वर्षे, वर्षाला ९.४५. अमेरिकेत मुलाचे १३५ डॉलर पाच वर्षांसाठी, वर्षाला २७. मोठ्याचे पहिल्यांदा १६५, वर्षाला साडेसोळा. भारतात मुलाचे १,००० रुपये पाच वर्षांना धरले तर वर्षाला २००, मोठ्याचे १५०. आकडा लहान, भार मोठा, आणि तीन मुलांच्या घरात तो एकदम पडतो. जर्मनीत चोवीस वर्षांखालील व्यक्तीला ३७.५० युरो, मुदत सहा वर्षे: वर्षाला ६.२५, तर मोठ्यांना २०२४ पासून ७० युरो, वर्षाला ७. एवढ्या यादीत खऱ्या अर्थाने सवलत देणारा हाच.

मुलांच्या अर्जाला काम कमी लागत नाही. दोन्ही पालकांची संमती तपासायची असल्याने उलट जास्तच लागते. म्हणून खर्चाखाली शुल्क ठेवायचे तर फरक कोणी तरी भरणार. मोठ्यांच्या शुल्कातून भरला जात असेल तर तसे लिहा, तिजोरीतून येत असेल तर तेही लिहा. ज्येष्ठांची सवलत, लहानग्यांची सवलत, सगळ्यांना हाच नियम.

हरवलेल्या पासपोर्टचे जादा शुल्कही दोन भागांत दाखवा. रद्द करणे, कळवणे, पुन्हा ओळख पटवणे हा खर्च. त्यावरचा दंड हा दंड.

काही वाढी दरपत्रकात दिसतच नाहीत. ब्रिटनमध्ये जुन्या पासपोर्टची उरलेली मुदत, नऊ महिन्यांपर्यंत, नव्यात मिळवून मिळत असे. सप्टेंबर २०१८ मध्ये ते बंद झाले. शुल्काचा आकडा तोच, पण जो वेळेआधी नूतनीकरण करतो त्याला तेवढ्याच पैशांत नऊ महिने कमी. अनेक देश प्रवेशाच्या वेळी सहा महिने मुदत शिल्लक मागतात, तेव्हा लवकर नूतनीकरण ही चैन नसते, सक्ती असते. पानांचेही तसेच. अमेरिकेत जादा पाने चिकटवून घेणे २०१० पर्यंत फुकट होते, त्या वर्षी त्याला ८२ डॉलर लागले आणि २०१६ पासून ती सोयच बंद झाली. त्याऐवजी जाड पुस्तिका जादा पैसे न घेता मिळते, ही त्यातली बरी बाजू. आमचे म्हणणे असे की मुदत, पाने किंवा सुविधा यांतला प्रत्येक बदल शुल्कबदल मानून त्याच रीतीने जाहीर करावा.

परदेशातल्या नागरिकांसाठी स्थानिक चलनात शुल्क घेताना विनिमयदर वर्षातून एकदाच ठरवला तर चलन घसरले त्या देशातल्यांना स्वस्त आणि चढले त्यांना महाग पडते. तिमाही आढावा आणि पाच टक्क्यांहून अधिक फरक पडला तरच बदल, एवढे पुरते. दर महिन्याला बदलत बसलात तर खिडकीवरच्या माणसाला सुट्टे शोधण्यातच दिवस जाईल.

शेवटी पावतीबद्दल. आज पावतीवर एक रक्कम असते. तिथे सहा ओळी छापा: पुस्तिका आणि छपाई, ओळख आणि नागरिकत्वाची तपासणी, वितरण, इतर सेवांचा वाटा, त्या सेवेच्या नावासह, सवलत असेल तर तिचा भरणा कुठून, आणि राखीव खात्यात किती गेले किंवा तिथून किती आले. जपानमध्ये केंद्राचा आणि प्रांताचा वाटा वेगळा मोजला जातो. मार्च २०२५ च्या दरपत्रकात दहा वर्षांच्या पासपोर्टचे खिडकीवरचे १६,३०० येन म्हणजे केंद्राचे १४,००० आणि प्रांताचे २,३००, तर ऑनलाइन अर्जाला प्रांताचे १,९०० च. चारशे येन कुठे वाचले हे कोणीही वजाबाकी करून सांगू शकतो. दोनाच्या सहा ओळी करायला नवी यंत्रणा लागणार नाही, कारण ज्या देशात खर्चाचा हिशेब खरोखर झाला आहे तिथे हे सहा आकडे अर्थखात्याच्या फायलीत आधीच पडलेले आहेत. ज्या खात्याला ते सापडणार नाहीत त्याने पुढची अधिसूचना तूर्त थांबवावी.

आपले,
पासपोर्ट सेवेच्या जमाखर्चाचा अभ्यास करणारे काही जण